नसबंदी करून घ्यायचीय, पण पुढं पस्तावा होणार नाही हे आधी कसं ओळखायचं?

साचेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आयडी जुना आहे, पण इतकं घरातलं पहिल्यांदाच लिहितोय. सांभाळून घ्या.

वय ३४. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. बायको ३२ ची, घरीच ब्लाऊज शिवते. दोन मुली. थोरली सात वर्षांची, धाकटीला गेल्या महिन्यात दोन पूर्ण झाली. दोन्ही सिझेरियन. धाकटीच्या वेळी टेबलावरच विचारणा झाली होती, "आता पोट उघडलंच आहे, ऑपरेशन करून टाकूया का?" बाळ दीड किलोचं, काचेच्या पेटीत जाणार होतं. आम्ही दोघंही नको म्हणालो. नंतर तांबी बसवली, तिला पाळीत इतका त्रास झाला की सहा महिन्यांत काढली. गोळ्यांनी अर्धशिशी उठायची. तेव्हापासून निरोधवर चाललंय. तिसरं नको हे दोघांचं पक्कं, आणि तिसऱ्यांदा तिचं पोट फाडणं तर नकोच. म्हटलं, आतापर्यंत सगळं तिनं सोसलं, आता माझी पाळी.

गेल्या शनिवारी राजारामपुरीत एका सर्जनकडं गेलो. वाटलं होतं, तारीख देतील. त्यांनी ऑपरेशन पाच मिनिटांत समजावलं आणि पुढची वीस मिनिटं भलतंच विचारत बसले. ही कल्पना आधी कुणाला सुचली? मुलगा पाहिजे असं घरात कोण म्हणतं? देव न करो, पण एखादं मूल गेलं तर? ह्या प्रश्नाला मी खुर्चीवरनं उठलोच होतो. शेवटी म्हणाले, "पंधरा दिवस घ्या, दोघं बोला, मग फोन करा."

बाहेर आलो तेव्हा डोकं फिरलं होतं. म्हटलं, माणूस स्वतःहून आलाय तर हे त्याला परत पाठवायलेत. पण रात्री झोप लागली नाही. आमच्याकडं ओतायच्या आधी साचा तपासतात. धातू आत गेला की मग नुसतं रिजेक्शन मोजत बसायचं. तर मला हा आधीचा तपास करायचाय. पुढं पस्तावा होईल की नाही हे कळायला काही मापं आहेत का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी खरं सांगावं. दुखतं का, ताकद जाते का, ते सगळं वाचून झालंय. ते नको.

पांढरा रस्सा

भावा, नाद खुळा. अकरा वर्षं झाली माझ्या ऑपरेशनला. दोन पोरं झाल्यावर केलं. जागेवरच भूल, पंधरा-वीस मिनिटं, टाका न्हाई काय न्हाई. रिक्षानं घरला आलो. दोन दिवस बर्फाची पिशवी घिऊन पडून होतो, तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. डॉक्टर म्हणाले घट्ट चड्डी घाला. म्हटलं चड्डी कशाला, तालमीतला लंगोट हाय की! आठ दिवस लंगोट लावून काउंटरवर बसलो, आधाराला त्यापरीस भारी काय न्हाई. नुसतं लंगोट लावला म्हणून बैठका मारायला जाऊ नकोस एवढंच.

पस्तावा म्हणशील तर एकदा झाला, खरं सांगालोय. बारका शाळंत जायला लागला आन् दुपारचं घर एकदम गप झालं. लई वाईट वाटायचं. महिनाभर मनात घोळत होतं, उगंच केलं का काय. तेवढ्यात भावाला पोरगी झाली. वहिनी आजारी पडली म्हणून चार दिवस पोरगी आमच्याकडं. तिसऱ्या रात्री तीन वाजता तिनं जो सूर लावला, पस्तावा तिथंच उतरला.

डॉ. खडीसाखर

मी जनरल सर्जन आहे, ह्याच जिल्ह्यात. तुम्हाला परत पाठवणारा मी नव्हे, पण मीही तेच केलं असतं. ते प्रश्न कुठून येतात ते सांगतो, म्हणजे राग जाईल.

बहुतेक पुरुषांना पस्तावा होत नाही. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांप्रमाणे नसबंदी झालेल्या शंभरांतले साधारण सहापर्यंत पुरुष पुढे कधीतरी नळी (शुक्रजंतू वाहून नेणारी, ऑपरेशनात कापलेली) परत जोडायचं बघतात. हे सहाजण कोण, याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी येतो. पहिली गोष्ट वय. एका अमेरिकी पाहणीत विशीत नसबंदी केलेल्यांनी नळी परत जोडून घेण्याचं प्रमाण मोठ्या वयाच्यांच्या साडेबारा पट निघालं. दुसरी गोष्ट संसार. परत जोडायला येणाऱ्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे दुसरं लग्न. मूल दगावणं हे त्यामानाने क्वचित, पण आपल्याकडे विचारावंच लागतं.

तिसरी गोष्ट लोक धरत नाहीत, ती म्हणजे निर्णयाची वेळ आणि घरातलं हवामान. बाळंतपणाला महिना झाला नाही, गर्भपात झालाय, नोकरी गेलीय, नवरा-बायकोत धुसफूस आहे, अशा वेळी घेतलेला निर्णय मी टांगून ठेवतो. अमेरिकेत बायकांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून केलेला एक मोठा अभ्यास आहे. नवऱ्याच्या नसबंदीआधी ज्यांच्या घरात यावरून मोठा वाद होता, त्या बायकांनी पुढे नवऱ्याला 'परत जोडून घे' म्हणण्याचं प्रमाण, वाद नसलेल्यांच्या २५ पटींहून जास्त होतं. म्हणजे एकाला पटलं आणि दुसऱ्याने मान डोलावली, तर ते ऑपरेशन दोघांचं होत नाही.

आणि माझी एक खासगी कसोटी. पहिल्या पाच मिनिटांत जो "डॉक्टर, परत जोडता येतं ना?" असं विचारतो, त्याला मी चहा पाजून घरी पाठवतो. विचारणं चूक नाही. पण त्या उत्तरावर तो निर्णयाचा भार टाकत असेल तर तो अजून तयार नाही.

दुसरा डाव

डॉक्टरांच्या त्या सहातला मी एक. वाचून गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

मी २८ वर्षांचा असताना केली. एक मुलगा होता, सव्वा वर्षाचा. आमचं तेव्हा रोज भांडण. ती म्हणायची, तुझ्यापासून दुसरं मूल नकोच. मी एका दिवशी रागानं जाऊन करून आलो. हो, रागानं. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी नीटनेटकी उत्तरं दिली असती. ऑपरेशन उत्तम झालं. तीन वर्षांनी काडीमोड झाला, मुलगा तिच्याकडं.

३५ व्या वर्षी दुसरं लग्न. हिला आधीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली चालेल. लग्नानंतर दोन वर्षांनी तिच्या बहिणीच्या डोहाळजेवणाला गेलो. येताना घाटात गाडी थांबवायला सांगितली आणि रडली. तिथंच ठरलं. पुण्यात जाऊन नळी जोडून घेतली. पूर्ण भूल, साडेतीन तास, खर्च लाखाच्या वर. पहिल्या वेळचं ते रिक्षानं घरी येणं वेगळं आणि हे वेगळं.

सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये शुक्रजंतू दिसले. पेढे वाटायचे बाकी ठेवले होते आम्ही. पण दिवस राहिले नाहीत. आज चार वर्षं झाली. नळी उघडली म्हणजे मूल झालं असं नसतं, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

साचेवाला, तुमचं माझ्यासारखं दिसत नाही. पण 'मापं' विचारलीत म्हणून एक सांगतो: तुम्ही हे कुणाला तरी दाखवून द्यायला करताय का, एवढं बघा.

डॉ. खडीसाखर

लिहिलंत, बरं केलंत.

तुमच्या 'कुणी सांगितलं नव्हतं' बद्दल. १९९१ साली अमेरिकेत जवळपास दीड हजार पुरुषांच्या जोडणीचे निकाल प्रसिद्ध झाले, आजही तेच सांगितले जातात. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडलं तर ९७ टक्के जणांच्या वीर्यात शुक्रजंतू परत दिसले, पण बायकोला दिवस राहिले ७६ टक्क्यांत. तीन ते आठ वर्षांत ८८ आणि ५३. नऊ ते चौदा वर्षांत ७९ आणि ४४. पंधरा वर्षांच्या पुढे ७१ आणि ३०. जोडीतला दुसरा आकडा बघायचा, पहिला नव्हे.

असं का होतं? नळी बांधली तरी मागे शुक्रजंतू तयार होतच राहतात. दाब वाढत जातो आणि कधी मागची बारीक, गुंडाळी झालेली नलिका कुठेतरी फुटून तुंबते. मग वर कितीही सुबक जोड दिला तरी खालून काही येत नाही, त्या तुंबलेल्या जागेच्या मागे जाऊन जोडावं लागतं. शिवाय शरीर स्वतःच्याच शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आणि मधल्या काळात बायकोचंही वय वाढलेलं असतं, ते कुणी मोजत नाही.

रगील पैलवान

हे असले धागे काढून पुरुषांना बायली बनवायचं चाललंय. बायकांचं ऑपरेशन सोपं असताना

ताराराणी

वरच्या दादांनी वाक्य अर्धंच सोडलं, तेच बरं.

सोपं म्हणे. पोट उघडून किंवा दुर्बीण घालून करायचं ते सोपं, आणि बाहेरच्या बाहेर पंधरा मिनिटांत होतं ते अवघड. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांत ३७.९ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. काढा किती पट ते.

आता माझं सांगतो. (आमच्याकडं बायका 'आलो-गेलो'च म्हणतात, पुणेकरांनी गोंधळू नये.) मी २३ वर्षांची होतो. दुसरा मुलगा झाला, तिसऱ्या दिवशी सासूबाई आणि नर्सबाई यांच्यात बोलणं झालं आणि चौथ्या दिवशी माझं ऑपरेशन. मला विचारलं, पण कसं? "करायचं न्हवं?" असं. त्या 'न्हवं'ला नाही म्हणायची रीत नव्हती आमच्याकडं.

माझा थोरला नऊ वर्षांचा असताना तापानं गेला. साचेवाला, तुम्ही ज्या प्रश्नाला खुर्चीवरनं उठलात, तो प्रश्न मी जगलोय. नातेवाईक म्हणायचे, ऑपरेशन नसतं केलं तर आता एखादं झालं असतं. त्या जागी दुसरं आणून बसवायचं, हे गणित बाहेरच्यांचं. पण खोटं बोलत नाही, तेव्हा वर्षभर मलाही रोज वाटायचं. रात्री पोटावरच्या टाक्यावर हात ठेवून झोपायचो. नंतर कमी झालं. आज वाटतं, थोरल्याचं दुःख ऑपरेशन नसतं तरी तेवढंच असतं. ऑपरेशनचं दुःख वेगळं आहे. मला कुणी विचारलं नाही, हे ते.

तुम्हाला वीस मिनिटं विचारणारा डॉक्टर मिळाला. रागावू नका त्याच्यावर.

साचेवाला

ताराराणीताई, काय लिहू कळत नाही. दोनदा वाचलं.

डॉ. खडीसाखर

ताई, तुमच्या अनुभवाला आकडा जोडणं बरं दिसत नाही, तरी इतरांसाठी लिहितो. मघाशी सांगितलेल्या, बायकांच्या पाठपुराव्याच्या त्याच अमेरिकी अभ्यासात, तीस किंवा त्याहून कमी वयात ऑपरेशन झालेल्या बायकांत १४ वर्षांच्या आत २०.३ टक्क्यांना पस्तावा झाला, तीस वर्षांनंतर झालेल्यांत ५.९ टक्के. आपल्याकडे तर बहुतेकांची ऑपरेशनं पंचविशीच्या आसपासच होतात.

निवृत्त मास्तर

'विचारणं' या शब्दावरून आठवलं. १९७६ साली, आणीबाणीत, मी नुकताच शाळेत लागलो होतो. शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायचं बंधन होतं. शाळा सुटल्यावर आम्ही वाड्यावस्त्यांवर केस शोधत फिरायचो, नाही आणली तर पगार अडायचा. त्या १९७६–७७ च्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांतल्या साठ लाखांवर पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्रानं तर सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर केला होता, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही.

मी दोन केसेस आणल्या होत्या. एक साठीकडं झुकलेला विधुर, त्याला फरक पडणार नव्हता. दुसरा गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळणारा, तिशीतला. त्याला मी काय काय सांगितलं होतं ते आज इथं लिहायची हिंमत नाही. पुढं रस्त्यात दिसला की मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

पांढरा रस्सा

मास्तर 🙏

एकटा जीव

माझा प्रश्न थोडा वेगळा, अवांतर वाटल्यास सोडून द्या. वय २६, लग्न नाही, करायचं की नाही ठरलं नाही, पण मूल नको हे कॉलेजपासून ठरलंय. मला कोणी करून देईल का? आणि आधी शुक्रजंतू गोठवून ठेवले तर पस्ताव्याचा विमा उतरवल्यासारखं होईल ना?

डॉ. खडीसाखर

सरकारी योजनेत नाही. तिथल्या निकषांनुसार माणूस विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेला हवा, वय साठच्या आत, आणि निदान एक मूल एक वर्षाहून मोठं हवं. (सगळ्यांनी लक्षात घ्या, पती किंवा पत्नीची सही त्यात लागत नाही. सही लागत नाही म्हणून बोलायची गरज नाही, असं मात्र नव्हे.) खासगीत प्रत्येक सर्जनचं आपापलं असतं. मी २६ व्या वर्षी करणार नाही. तुमचं ठरलेलं खोटं आहे असं मी म्हणत नाही, काहीजणांचं विशीत ठरलेलं साठीपर्यंत टिकतं. पण आज तुमच्यासमोर जोडीदार नाही, आणि पस्ताव्याचं मोठं कारण जोडीदारच असतो.

गोठवण्याबद्दल. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर नमुने वर्षानुवर्षं टिकतात. पण नुसत्या नमुन्यातून मूल होत नाही, पुढे कृत्रिम गर्भधारणेचे उपचार आले, त्यांचा खर्च आणि अपयशही आलं. एखाद्याला खबरदारी म्हणून ठेवायचं असेल तर ठेवावं. मात्र गोठवल्याशिवाय तुमची हिंमतच होत नसेल, तर तो तुमच्याच मनाने दिलेला रिपोर्ट समजा.

एकटा जीव

हम्म. म्हणजे निरोध झिंदाबाद. धन्यवाद डॉक्टर.

गंगावेस

साचेवाला, खासगीत कशाला खर्च? सरकारीत फुकट होतं, वर हजार-दीड हजार रुपये मिळतात. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा आशाताई घरी येऊनच सांगतात. आमच्या गल्लीतल्या एकानं सीपीआरला (आपला सरकारी दवाखाना) चौकशी केलेली, नीट माहिती दिली म्हणाला.

डॉ. खडीसाखर

बरोबर, सरकारीत शिकलेले हात असतात, काही कमी नाही. ते पैसे बुडालेल्या मजुरीसाठी आहेत एवढं ध्यानात ठेवा. त्या पैशाकडे बघून कोणी येत असेल तर तोही 'थांबा' म्हणायचाच प्रसंग.

साचेवाला, मूळ प्रश्नाकडे येतो. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर उत्तरं लिहा. एकमेकांसमोर बोललं की माणूस समोरच्याला बरं वाटेल तसं बोलतो. प्रश्न दोनच देतो. एक: उद्या निरोध फाटला आणि चुकून दिवस राहिले, तर ते कळल्याच्या पहिल्या क्षणी मनात काय येईल? नंतरचा विचार नको, पहिला क्षण. दोन: दहा वर्षांनी ह्या ऑपरेशनचं वाईट वाटलंच, तर ते कशामुळे वाटेल?

साचेवाला

उशिरा लिहितोय, मधे गौरी-गणपती होते.

रविवारी मुलींना घेऊन रंकाळ्यावर गेलो. दोघी पाळण्यात बसल्या, आम्ही कठड्यावर. थोरलीच्या वहीतली दोन पानं फाडून नेली होती. बायको म्हणाली, परीक्षाच घ्यायलास का. पण लिहायला लागली. मला वेळ लागला, तिचं पटकन झालं.

दुसरा प्रश्न आधी सांगतो. मी लिहिलं, "आईनं आयुष्यभर बोलून दाखवलं तर वाईट वाटेल." आईचं 'वंशाला दिवा' चालूच असतं. बायकोनं काय लिहिलं असेल? "मी तुझ्यासाठी कापून घेतलं, असं तू एखाद्या भांडणात म्हणालास तर."

माझ्या स्वप्नातही नव्हतं हे. पण मग आठवलं, ह्या धाग्याच्या सुरुवातीलाच मी काय लिहिलंय? तिनं सोसलं, आता माझी पाळी. म्हणजे हिशेब मी मांडायला घेतलाच होता. वहीच्या एका बाजूला तिची दोन सिझेरियन, दुसऱ्या बाजूला माझं एक ऑपरेशन. तिला तो हिशेबच नको होता. ती म्हणाली, "तुला मूल नको म्हणून कर. मला सोडवायला म्हणून करणार असशील तर नको, मी निरोध आणते की मेडिकलमधनं, मला लाज नाही."

आता पहिला प्रश्न. हे लिहायला तीन दिवस लागले. चुकून दिवस राहिले तर? तिनं लिहिलं, "भीती. टाक्याची." मी कागदावर लिहिलं, "टेन्शन येईल." ते खोटं होतं. खरा पहिला क्षण मनात आला तो असा: ह्या वेळी मुलगा असेल तर?

दोन मुलींचा बाप, मुलींवर जीव आहे, आईशी याच विषयावर भांडतो, आणि आत हे. चूक आहे हे कळतं. पण डॉक्टर, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला.

पांढरा रस्सा

खरं बोललास. लई गडी हे मनातच ठेवून मरत्यात.

ताराराणी

हे तुमच्या एकट्याचं नाही. आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. २०११ ला ८६३. अंबाबाईच्या गावात! त्या न जन्मलेल्या मुलींच्या घरातले लोकही आपापल्या पोरींवर जीव टाकत असतील. बायकोला सांगितलंत का?

डॉ. खडीसाखर

ही ओढ असणारा माणूस नसबंदीला नालायक, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ह्या जिल्ह्यात माझं टेबल रिकामं राहील. मला भीती वाटते ती ही ओढ आहे हे ज्याला माहीतच नसतं त्याची. तो दोन वर्षांनी शेजाऱ्याच्या बारशाला जातो आणि घरी येऊन बायकोशी बोलत नाही. तुम्हाला आता नावानिशी माहीत आहे. घाई करू नका. दोन-तीन महिने जाऊ द्या. ती ओढ वाढते का, आहे तेवढीच राहते, का विरते, ते बघा. वाढली तर ऑपरेशन नको, आणि तिसरं मूल हवं का हे मग उघड बोला. सोनोग्राफीचा आडमार्ग मनात आला तर मला व्यनि (खासगी निरोप) करू नका, ऐकवीन चार शब्द.

साचेवाला

सांगितलं तिला. काल रात्री, मुली झोपल्यावर. वाटलं होतं, रडेल नाहीतर चिडेल.

ती मशीनवर काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला." म्हटलं, कसं? "थोरलीच्या वेळी तू दोन किलो जिलेबी वाटलीस. धाकटीच्या वेळी अर्धा किलो बर्फी." म्हटलं, अगं बाळ पेटीत होतं, जिवाला घोर होता, कुठली मिठाई. "ते पण माहीत आहे. तरी मोजलं होतं."

मग मशीन थांबवून एवढंच म्हणाली, "आता बोललास ना. बास."

आज सकाळी सर्जनना फोन करून सगळं सांगितलं. मुलग्याचंसुद्धा. त्यांनी विचारलं, मग काय ठरवलंत? मी नोव्हेंबरच्या शेवटची तारीख मागितली. तोवर अडीच महिने आहेत. मन उलटं फिरलं तर आदल्या दिवशी कळवलं तरी चालेल म्हणाले, भूल दिल्यावर थांबा म्हणालात तरी मी थांबतो म्हणाले. आईला आत्ता सांगायचं नाही असं दोघांचं ठरलंय. विचारलं तर खोटं बोलणार नाही, पण आपण होऊन विषय काढायचा नाही.

दुसरा डाव

आईचं बरोबर केलंत. मी सगळ्या भावकीला सांगून बसलो होतो, नंतर प्रत्येकाला परत सांगावं लागलं.

डॉ. खडीसाखर

अवांतर पण महत्त्वाचं, कारण ह्यातूनही पस्तावे होतात. ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळे नाही. पुढच्या नळीत शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिने निरोध, मग वीर्य तपासणी, आणि रिपोर्ट शून्य आल्यावरच निरोध बंद. लोक तपासणीला येतच नाहीत. मग बायकोला दिवस राहिले की घरात नको ते संशय सुरू होतात. शून्य आल्यानंतरही दोन हजारांत एखाद्याची नळी आपोआप जुळते, हेही दोघांना आधीच माहीत असू दे. शंभरांत एक-दोघांना बरेच महिने दुखत राहतं. हे तिला कुणी सांगायचं? तुम्हीच.

साचेवाला

सांगतो. तीन महिन्यांचं वाचलं होतं, दोन हजारांतल्या एकाचं नव्हतं. आणि फौंड्रीत मी स्वतः बॉक्स उचलत नाही, पण आठवडाभर रजा टाकणारच आहे.

पांढरा रस्सा, एक विचारायचं राहिलं. तालमीत कधी गेलो नाही. तो लंगोट कुठं मिळतो?

पांढरा रस्सा

इकत कशाला घेतोस! धाकट्यासाठी दोन शिवून घेतलेले, त्यानं तालीम सोडून जिम लावली. कोरं हायत, पेटीत पडून. दसऱ्याआधी कधीबी सकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर ये, चौकात फोन कर. बांधायचा कसा ते बी दाखवतो, पण पँटीवरनं.